यापूर्वी अशी घटना घडली आहे का?

नात्सुए कोगुरे बर्फ उपसायचं फावडं आणायला गेली म्हणून काझुहा वाचली, असं नंतर सगळेच म्हणाले. नात्सुएने कुणाला दुरुस्त केलं नाही. खरं म्हणजे ती फावडं आणायला गेलीच नव्हती. दार वाजलं म्हणून ती गेली होती.

जानेवारीतला रविवार होता, दुपारचे तीन वाजले होते. बंदराच्या वरच्या टेकडीवरच्या त्या बालगृहात बत्तीस मुलं होती आणि तापाच्या साथीने चार कर्मचारी अंथरुणाला खिळलेले. खालच्या मजल्यावर अकरा मुलं आणि एकटी चिहिरो मिनोशिमा, वय चोवीस, नोकरीला लागून दहा महिने झालेली. वरच्या मजल्यावर नात्सुए धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होती. तेव्हा आवाज आला. तीन टकटकी, सावकाश. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा तीन.

हा आवाज तिला नवा नव्हता. गेली एकतीस वर्षं तो तिच्या ओळखीचा होता. छपरावरून बर्फ घसरलं की यायचा, हीटरचे पाइप तापले की यायचा, कधी काहीच नसताना यायचा. अशा वेळी ती हातातलं काम मोजायला लागायची. चौदा टॉवेल, पंधरा टॉवेल. विसाच्या आत तो थांबायचा. त्या दिवशी तिने चाळीसपर्यंत मोजलं आणि घडी तशीच टाकून जिना उतरली. पायांत घरातल्या सपाता होत्या. तशीच मागच्या दाराने बर्फात गेली.

मागच्या अंगणात पत्र्याची कोठी होती. तिथे फावडी, मिठाची पोती, गाड्यांचे जुने टायर असं सामान असायचं. कोठीला कडी बाहेरून होती, आणि ती लावलेली होती.

नात्सुएने कडी काढली. टायरांच्या थप्पीवर सात वर्षांची काझुहा बसली होती. अंगात घरातला पातळ सदरा, एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा. दोन्ही हात तिने काखेत घट्ट खुपसले होते. ती रडत नव्हती. ओठांचा रंग उडाला होता.

"आता बाहेर येऊ का?" तिने विचारलं.

नात्सुएने तिला उचललं तेव्हा ती ओल्या लाकडासारखी जड आणि गार लागली. स्वयंपाकघरात नेऊन गोधडीत गुंडाळेपर्यंत चिहिरो धावत आली. काझुहाला बघितलं आणि दारातच थांबली.

"दहा मिनिटं," ती म्हणाली. "मी दहाच मिनिटांसाठी... हिने मोमोकाला चावलं हो, रक्त आलं. मी म्हटलं दहा मिनिटं बस इथे. मग धाकट्याला उलटी झाली, मग फोन आला, मग... कोगुरे-सेन्सेई, किती वाजलेत?"

"तीन वाजून दहा."

चिहिरोने तोंडावर हात धरला. तिने कडी दीड वाजता लावली होती.

रुग्णवाहिकेत नात्सुए काझुहाजवळ बसली. मुलीच्या बोटांची टोकं मेणासारखी पांढरी पडली होती. काहीतरी बोलत राहायचं, तिला झोपू द्यायचं नाही, असं सोबतच्या माणसाने सांगितलं होतं. म्हणून नात्सुए म्हणाली, "बरं झालं बाई तू दार वाजवलंस. मला वरपर्यंत ऐकू आलं."

काझुहाने मान हलवली. "मी नाही वाजवलं."

"अगं, वाजवलंस की. तीन-तीनदा."

"नाही. हात काखेतून काढले की दुखायचं. म्हणून मी वाजवलंच नाही." मग तिने विचारलं, "मी तिथे आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

नात्सुएने तिच्या अंगावरची गोधडी गळ्यापर्यंत ओढली.

बोटं वाचतील, डॉक्टर म्हणाले. आणखी अर्धा तास गेला असता तर सांगता आलं नसतं. मुलीला चार दिवस ठेवून घेतलं.

संध्याकाळी सहाला संचालक सेगावांनी नात्सुएला कार्यालयात बोलावलं. एकसष्ट वर्षांचा हा माणूस तसा मऊ बोलण्याचा. बालगृह त्यांच्या वडिलांनी काढलेलं. भिंतीवर वडिलांचा फोटो होता. सेगावांनी स्वतःच्या हाताने चहा ओतला, ही काही चांगली खूण नव्हती.

"दमला असाल. बसा. आजच्या आज सरकारच्या बाल-सल्ला केंद्राला अहवाल जायला हवा. इस्पितळात नेलंय म्हटल्यावर ते टळत नाही. तुम्ही लिहा. तुम्ही लिहिलं की कुणी दोनदा वाचत नाही."

"काय लिहू?"

"लपाछपी खेळत होती. कोठीत लपली. दार अडकलं." त्यांनी पेला तिच्यापुढे सरकवला. "मुलंच ती."

"कडी बाहेरून होती, सर."

"मग कुणीतरी मुलाने मस्करीत लावली असेल."

"कुठल्या मुलाने?"

"नाव कशाला लागतंय त्याला?"

अकरा मुलांची तोंडं तिच्या डोळ्यांपुढून गेली. त्यातल्या कुणाच्या तरी माथी ही कडी जाणार होती, नाव न घेता. आणि नाव नसलं की ती सगळ्यांच्याच माथी जाते.

"मिनोशिमाचं वय बघा," सेगावा म्हणाले. "पोर वाईट नाही. अकरा मुलं एकटीवर सोडली ती मीच. तिचं आयुष्य या एका कागदाने संपेल. आणि तुमची निवृत्तीला दोन वर्षं राहिली. शांतपणे होऊ द्या."

यातलं काहीच खोटं नव्हतं. नात्सुए उठली आणि पलीकडच्या टेबलावर संगणकापुढे जाऊन बसली.

गंभीर घटनेच्या अहवालाचा नमुना संगणकात तयार असायचा. संस्थेचं नाव, पत्ता, संचालकांचं नाव आधीच भरलेलं. फक्त तारीख, मुलाचं नाव आणि काय घडलं तेवढं लिहायचं. सगळ्यात खाली एक रकाना होता: यापूर्वी अशी घटना घडली आहे का? त्याच्यापुढे ‘नाही’ हा शब्दही आधीच लिहिलेला होता. बालगृहात पहिला संगणक आला तेव्हा तो नात्सुएनेच लिहून ठेवला होता, दर वेळी लिहायला नको म्हणून. तेव्हापासून हात मोडला, डोकं फुटलं, मूल पळून गेलं, जे काही झालं त्या प्रत्येक कागदाखाली तो ‘नाही’ आपोआप उमटत आला होता.

ती त्या शब्दाकडे बघत राहिली.

एकतीस वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, ती सत्तावीस वर्षांची होती. कोठी तेव्हा लाकडाची होती, जागा हीच. सानाए त्सुकिदाते नावाची आठ वर्षांची मुलगी होती. तिने सलग तिसऱ्या दिवशी अंथरूण ओलं केलं आणि चादर माळ्यावर लपवली. थोरले सेगावा, म्हणजे फोटोतले, म्हणाले, रात्रीच्या जेवणापर्यंत कोठीत राहू दे. तेव्हा अशी शिक्षा बऱ्याच घरांत चालायची. कडी नात्सुएने लावली. दुपारचा एक वाजला होता.

अडीच वाजता तिला राहवलं नाही. ती गरम पाण्याची पिशवी घेऊन मागे गेली. बर्फात तिच्या बुटांचा आवाज झाला असणार, कारण ती दारापाशी पोचली आणि आतून दार वाजलं. तीन टकटकी, सावकाश. आरडाओरडा नाही, लाथा नाहीत. परक्याच्या घरी गेल्यावर माणूस वाजवतं तसं, अदबीने. नात्सुए उभी राहिली. पुन्हा तीन. तिने वर पाहिलं तर कार्यालयाच्या खिडकीत थोरले सेगावा उभे होते. त्यांनी मान हलवली नाही, हात केला नाही, नुसते बघत होते. गरम पाण्याची पिशवी कोटाच्या आत धरून नात्सुए मागे वळली. ती चालायला लागली तशी दारावरची टकटक थांबली.

पावणेपाचला दार उघडलं. सानाएच्या डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली.

अहवाल नात्सुएने लिहिला. थोरल्या सेगावांनी मजकूर सांगितला नव्हता. ते फक्त म्हणाले होते, "नीट लिही." तिनेच लिहिलं की मुलगी बर्फात खेळताना वाट चुकली. इस्पितळात नर्सने विचारलं तेव्हा नात्सुए खाटेशेजारी बसली होती. सानाएने आधी तिच्याकडे पाहिलं आणि मग म्हणाली, "मी वाट चुकले." वसंतात तिला दुसऱ्या प्रांतातल्या बालगृहात पाठवलं. पुन्हा तिचं नाव कुणी काढलं नाही. आपल्याला मुलीचा विसर पडला, कामाच्या गडबडीत राहून गेलं, असं नात्सुए स्वतःलाही सांगत आली. दारापर्यंत गेल्याचं तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. तो गेला त्यालाही आता सहा वर्षं झाली.

तिने आधी फोन उचलला आणि केंद्राच्या तातडीच्या नंबरवर घटना तोंडी सांगितली, कडी बाहेरून होती हे धरून. पलीकडच्या बाईंनी नाव सांगितलं: उत्सुमी. "अहवाल लगेच पाठवा, मी थांबते," त्या म्हणाल्या. आता माघार नव्हती. नात्सुएने चिहिरोचं नाव लिहिलं, वेळा लिहिल्या, त्या दुपारी किती कर्मचारी होते ते लिहिलं. मग ती शेवटच्या रकान्यात आली. ‘नाही’ पुसलं. ‘हो’ लिहिलं. आणि त्याखाली लिहीत गेली.

सेगावा मागे येऊन कधी उभे राहिले ते तिला कळलं नाही.

"हे काय आहे?" त्यांचा आवाज बदलला होता. "हे कुणी विचारलंय तुम्हाला?"

"रकान्यात विचारलंय."

"तीस वर्षांपूर्वीचं? अहो, बाबा आता नाहीत. गेलेल्या माणसाला असं..."

"त्यांचं नाव खाली आहे, सर. वर माझं आहे."

त्यांनी खुर्चीची पाठ धरली. "कोगुरे-सान, हा कागद गेला की उद्या इथे दहा माणसं येतील. बालगृह बंद करतील. बत्तीस मुलं आहेत. कुठे जातील ती? गाद्या-उशा घेऊन चार दिशांना पांगवतील त्यांना. भावंडं तुटतील. याचा विचार केलात?"

तिने विचार केला होता.

"एकतीस वर्षं तुम्ही गप्प होतात," सेगावा हळूच म्हणाले. "आता कुणासाठी बोलताय? मुलीसाठी, की स्वतःला झोप लागावी म्हणून?"

तिने कागद पाठवला. यंत्राने नेहमीसारखा ‘पोचलं’ म्हणून लहानसा आवाज केला. सेगावा खिडकीपाशी गेले आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले, वडील उभे राहायचे त्याच जागी.

दहा नाही, सहा माणसं आली, पण रोज आली. प्रत्येक मुलाशी वेगवेगळं बोलली. कोठी फक्त काझुहापुरती नव्हती, हे तेव्हा बाहेर आलं. गेल्या चार वर्षांत आणखी तीन मुलं तिथे बसून आली होती, वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांच्या हातून. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. कडी बाहेर होती, बस. ऐकताना नात्सुएला वाटलं, ही रीत इथल्या भिंतीत मुरली आहे आणि ती मुरवणाऱ्यांत आपण आहोत.

चिहिरो सामान न्यायला आली तेव्हा तिने नात्सुएला बुटांच्या कपाटापाशी गाठलं. तिचे डोळे सुजले होते.

"तुम्हीच मला शिकवलंत ना सगळं? कुणाला कुठलं औषध, कोण अंधाराला घाबरतं... मग हे का नाही शिकवलंत? एकदा तरी सांगायचं होतं की इथे असं झालं होतं. मी त्या कडीला हात लावला असता का?"

"नसतास लावला," नात्सुए म्हणाली.

"मग?"

"मी सांगितलं नाही. ते मी लिहिलंय."

"लिहून काय उपयोग आता माझा?" चिहिरोने बूट घातले. जाता जाता ती म्हणाली, "काझुहाला सांगा... नको. काही नका सांगू." पुढे चिहिरोला शिक्षा झाली ती कमी होती, पण मुलांबरोबर काम करायची परवानगी गेली ती गेलीच.

सेगावांनी राजीनामा दिला. बालगृह बंद झालं नाही. दुसऱ्या संस्थेकडे गेलं. मात्र मुलांची संख्या अर्ध्यावर आणली, आणि सेगावा म्हणाले होते ते पूर्ण खोटं ठरलं नाही. दोन बहिणी वेगळ्या गावी गेल्या. थोरली जाताना नात्सुएशी बोलली नाही. काझुहा डोंगरापलीकडे सफरचंदाच्या बागवाल्या जोडप्याकडे गेली. त्यांच्या घरी कुत्रा आहे आणि ती त्याला चावत नाही, असं उत्सुमी बाईंनी हसून सांगितलं. नात्सुएची नोकरी निवृत्तीआधीच, मार्चअखेर संपली.

लिहून टाकलं की आवाज थांबेल, असं तिला वाटलं होतं. थांबला नाही. आता बर्फ वितळलं होतं, छपरावरून घसरायला काही उरलं नव्हतं, तरी भाजी चिरताना, अंघोळीच्या पाण्यात बसलेली असताना तो यायचा. तीन आणि तीन. मोजून थांबवायचं तिने सोडून दिलं. सुरी खाली ठेवायची आणि थांबेपर्यंत ऐकायची.

एप्रिलच्या शेवटी उत्सुमी बाईंचा फोन आला. "सानाए त्सुकिदाते-सान सापडल्या. लग्नानंतरचं आडनाव वेगळं आहे. त्यांना तुम्हाला भेटायचंय. तुम्ही नाही म्हणू शकता."

नात्सुए ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी केंद्रात जाऊन बसली. माफी मागायची वाक्यं तिने बसमध्ये पाठ केली होती. दार उघडून एक ठेंगणी, आखूड केसांची बाई आत आली तेव्हा त्यातलं एकही आठवलं नाही. बाईच्या चालण्यात डावीकडे किंचित झोक होता. नात्सुए उभी राहून कमरेत वाकली आणि तशीच राहिली.

"बसा," सानाए म्हणाली. "उभं राहून बोलायला मला आवडत नाही. दिवसभर उभीच असते, केस कापायचं दुकान आहे माझं."

उत्सुमी बाई कोपऱ्यात बसल्या. चहा आला तो कुणी घेतला नाही.

"मी माफी मागायला..." नात्सुएने सुरुवात केली.

"ते नंतर. आधी मला एक सांगा." सानाए टेबलाच्या कडेवर नखाने रेघ ओढत होती. "तुम्ही आला होतात ना? मधेच. दाराबाहेर."

"आले होते," नात्सुए म्हणाली.

"बुटांचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. मग बूट परत गेले." सानाए म्हणाली. "माझ्या नवऱ्यालाही मी हेच सांगितलंय की लहानपणी बर्फात वाट चुकले. मुलीलाही तेच. इतक्यांदा सांगितलं की मलाच तो रस्ता दिसायला लागला, झाडं दिसायला लागली. आणि स्वप्नात मात्र कोठी. मला वाटायचं, माझ्या डोक्यातच काहीतरी बिघाड आहे. उगाच चांगल्या माणसांवर आळ घेतेय. तुम्ही माझे केस विंचरायचात हो. तुमच्यावर कसा आळ घेऊ?"

नात्सुएला रडू आलं. सानाएने ते बघितलं, पण तिच्याकडे रुमाल सरकवला नाही.

"रागवायला आले नाही मी," ती म्हणाली. "राग आहे. तो माझा आहे, त्याचं काय करायचं ते मी बघीन. मला त्या कागदाची नक्कल हवी. घरी दाखवायला."

उत्सुमी बाईंनी अहवालाची प्रत तिच्यापुढे ठेवली. सानाएने पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि शेवटचा रकाना वाचायला लागली. ओळीखाली बोट धरून, सावकाश, ओठ हलवत. बाहेरच्या रस्त्यावरून एक मालट्रक गेला, खिडकीची काच थरथरली. पान संपलं तसं तिने पुन्हा वर जाऊन एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे चूक आहे."

नात्सुएने पुढे वाकून बघितलं.

"‘दार उघडले तेव्हा मुलगी रडत होती.’ मी रडत नव्हते. मला चांगलं आठवतंय."

नात्सुएने डोळे मिटले. पावणेपाचचा उजेड, कोठीच्या फळ्या, कोपऱ्यात उभी राहिलेली मुलगी. तिचा चेहरा कोरडा होता. तिने नात्सुएला ‘धन्यवाद’ म्हटलं होतं. ते नात्सुए इतकी वर्षं स्वतःपासूनही लपवून बसली होती. त्यापेक्षा रडणारी मुलगी आठवणं सोपं होतं.

"हो," ती म्हणाली. "नव्हतीस रडत. तू धन्यवाद म्हणालीस."

सानाए हलकेच म्हणाली, "ते मला आठवत नव्हतं."

"दुरुस्ती करता येते," कोपऱ्यातून उत्सुमी बाई म्हणाल्या. "लिहिणाऱ्यानेच करायची. ओळीवर काट मारून, बाजूला खरं लिहायचं आणि सही."

त्यांनी पेन आणून दिलं. नात्सुएने त्या ओळीवर काट मारली. सानाए टेबलावर वाकून, तिच्या खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळून, एकेक अक्षर बघत राहिली.